जळगावच्या नंबरची गाडी

जळगावात स्टेडियमच्या मागे माझं दुकान आहे. रॅकेटला गटिंग करून देतो, म्हणजे तुटलेली जाळी काढायची आणि नवी तार ओढून बसवायची. बॅडमिंटनच्या जास्त येतात, टेनिसच्या कमी. हे झालं पोटाचं. उरलेल्या वेळात आपला धंदा म्हणजे लोकांना उल्लू बनवणे.

एकदा मी गल्लीत सांगून टाकलं, की यापुढे लाइटबिल हवं असेल तर घरातल्या कर्त्या माणसाने मीटरशेजारी उभं राहून फोटो द्यायचा. अकरा घरची माणसं इस्त्रीचे कपडे घालून मीटरपाशी उभी. रीडिंग घ्यायला आलेला पोरगा बिचारा घाबरून सायकल टाकून पळाला. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो, चहा नाकातून आला. बायको म्हणाली, तुम्ही मेल्यावर लोक तिरडी हलवून बघतील, खरंच मेलाय का. मी म्हटलं, हलवू दे, मी डोळा मारीन.

आता हसणं झालं. पुढचं ऐका.

माझी थोरली बहीण उषाक्का धुळ्याला, देवपुरात दिली. तिचे मालक रोहिदास, म्हणजे आमचे दाजी, टेनिस क्लबात मार्कर आहेत. मेंबर लोकांना खेळायला जोडी नसली की क्लबचा पगारी माणूस समोर उभा राहतो, त्याला मार्कर म्हणतात. त्याने चांगलं खेळायचं, पण मेंबरला राग येईल इतकं नाही. दाजींनी तीस वर्षं हेच केलं. त्यांची पोरगी सोनल मात्र तशी निघाली नाही. अकरा वर्षांची असताना क्लबच्या दलिचंद शेठला तिने सहा-एकने धुतलं. दाजी घाबरले, म्हटले, गेली नोकरी. शेठ घाम पुसत म्हणाले, "रोहिदास, तू मला पंधरा वर्षं उल्लू बनवत होतास. ही पोरगी प्रामाणिक आहे."

ती प्रामाणिकच होती. तेच नडलं.

सोनल पुढे बायकांच्या प्रोफेशनल स्पर्धा खेळायला लागली. मोठ्या नाही, टीव्हीवर दिसतात त्या नाही. सोलापूर, बंगळूर, कधी थायलंड. जगात सहाशेच्या आसपास नंबर. तुम्हाला वाटेल सहाशे म्हणजे काय. अहो, जगात! तिच्या सगळ्या रॅकेट माझ्या हातच्या. जाळीवर बोट मारून आवाज ऐकला की मला कळायचं, पोरगी सध्या कशी खेळतेय.

चोविसाव्या वर्षी तिचं नाव देशाच्या तपासणीच्या यादीत आलं. डोपिंगची तपासणी. नियम असा, की रोज आपण कुठे असू ते फोनमध्ये भरायचं आणि दिवसातला एक तास ठरवून द्यायचा. त्या तासाला सांगितलेल्या जागी हजर राहायचंच. कधीही माणसं येतील, बाटलीत लघवी मागतील, द्यायची. सोनलने तास दिला सकाळी सहा ते सात, धुळ्याचं घर.

हे तिने मला फोनवर सांगितलं आणि माझ्या अंगात आलंच. असा माल रोज रोज मिळतो का भो?

झुलाल माझा मित्र, नाटकात काम करतो, केबलचं कनेक्शन जोडतो. त्याला कोट घातला, गळ्यात लॅमिनेशन केलेलं कार्ड अडकवलं, सोबत त्याचा मेहुणा. आमच्या जळगावच्या भाड्याच्या सुमोतून दोघांना सकाळी सहाला दाजींच्या दारात उतरवलं. मी मागच्या सीटवर खाली लपलेलो. झुलालने कडक आवाजात सांगितलं, की नवीन नियमानुसार खेळाडूच्या पूर्ण घराण्याचा नमुना लागेल. दाजींनी दिला. उषाक्काने कुरकुरत दिला. दाजींची आई दगडीबाई, वय पंच्याऐंशी, ती बाटली हातात घेऊन म्हणाली, "आते या वयमा मी काय टेनिस खेळनार शे का रे भाऊ?" आणि तरी आत गेली. सोनल तेवढी दारात उभी राहून झुलालच्या कार्डाकडे बघत होती. कार्डावर मी फोटोच्या जागी एका म्हशीचा फोटो लावला होता. ती जी हसायला लागली, ती अंगणात बसलीच. मी सुमोतून बाहेर आलो, तर दगडीबाईने भरलेली बाटली माझ्या अंगावर ओतली. आख्खी गल्ली हसली. वर्षभर आमच्या घरात कुणी पाहुणा आला की हाच किस्सा.

दिवाळीत परत एक पार्टी पाठवली. यावेळी बॉलचं वजन मोजणारे. गाडी तीच.

मग एप्रिल आला.

मी तिथे नव्हतो. जे सांगतो ते उषाक्का, दाजी आणि सोनल यांच्या तोंडून ऐकलेलं, आणि नंतर कागदावर वाचलेलं. सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना दारात सुमो थांबली. एक बाई उतरली, चष्मा, सुती ड्रेस, सर्दीने नाक लाल. सोबत एक माणूस, हातात पेटी. बाई हिंदीत म्हणाली, सोनल कोण, आम्ही तपासणीसाठी आलोय. ही मंडळी रेल्वेने जळगावला उतरली होती आणि तिथून गाडी करून आली होती. गाडीवर नंबर एमएच एकोणीस. म्हणजे जळगाव. धुळ्याचा अठरा असतो.

दगडीबाईची नजर अजून चांगली आहे. तिने आकडा वाचला आणि टाळीच वाजवली. "लीलाधरनी गाडी शे! उषा, तुना भाऊ परत उना वं!"

उषाक्का हसत बाहेर आली, तिने दोघांना खुर्च्या दिल्या. दाजी गाडीच्या मागच्या काचेत वाकून मला शोधायला लागले. बाईने कार्ड दाखवलं. दाजी म्हणाले, "या खेपेला फोटो माणसाचा लावला, सुधारला लीलाधर." बाई म्हणाली, हा गंभीर विषय आहे, नमुना दिला नाही तर तो नकार धरला जाईल, त्याचे परिणाम होतील. दगडीबाई खूश. "भारी नाटक करस वं तू. चहा पी, घसा बसना शे तुना."

सोनल पळायला जायला निघालेली, बूट घालून. रोज सातपर्यंत घरीच ओट्यावर बसायची, नियमाप्रमाणे, आणि सात वाजले की तलावापर्यंत पळून यायची; आताही सात वाजलेच होते. ती दारात थांबली, बाईकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आणि हसली. "मामाला सांगा, यावेळी बाटली त्यालाच भरून पाठवते." असं म्हणून ती पळत निघून गेली. फोन घरीच. त्या दिवशी तलावावर मैत्रीण भेटली, गप्पा झाल्या. पोरगी सकाळची मोकळी, मनात मामाची गंमत. यायला आठ वाजले.

तोवर ती माणसं कागद लिहून निघून गेली होती. दोन कप चहा तसेच, वर साय आलेली.

आठ वाजता सोनलचा मला फोन आला. "मामा, या वेळची बाई काय भारी होती! कुठून आणली?"

आता मी काय करायला पाहिजे होतं? विचारायला पाहिजे होतं, कोणती बाई. मी काही पाठवलंच नव्हतं. पण मला वाटलं, ही माझीच फिरकी घेतेय. आणि दुसरं म्हणजे, आपण न केलेल्या मस्करीची वाहवा आपल्याला मिळतेय, ती सोडवेना. मी म्हटलं, "आवडली ना? पुढच्या वेळी दोन बाया पाठवतो." ती हसली. मी हसलो. फोन ठेवला.

नंतर कळलं, ती मंडळी साडेनऊपर्यंत बसस्टँडजवळ नाश्ता करत होती. मी आठला "मी नाही पाठवली" एवढं म्हटलं असतं, तर सोनलने धावत जाऊन पाय धरले असते. उशिरा का होईना नमुना दिला असता, तो स्वच्छ निघाला असता. माझ्या तीन शब्दांचा प्रश्न होता.

बारा दिवसांनी मेल आली. नमुना देण्यास नकार. ताबडतोब खेळणं बंद. सुनावणी होईल. शिक्षा चार वर्षांपर्यंत.

मी पहिल्या बसने धुळ्याला गेलो. उषाक्का माझ्याशी बोलली नाही. दाजी ओट्यावर बसून क्लबचे जुने बॉल फडक्याने पुसत होते, एकेक. दगडीबाई म्हणाली, "मी टाळी वाजाडी रे लीलाधर. मीच वाजाडी." मी म्हटलं, "नाही आजी, तुमचं काही नाही." तिला ते पटलं नाही. ती अजूनही सकाळी गाडीचा आवाज आला की आत जाऊन बसते.

वकील मिळाली ज्योत्स्नाबाई. मोटार अपघाताचे दावे चालवते, दाजींच्या ओळखीची. तिने आठवडाभर नियम वाचले आणि आम्हाला समजावलं. "पोरगी नियमाप्रमाणे दोषी आहेच. आपल्याला एवढंच दाखवायचंय की मुद्दाम केलं नाही, मग चाराची दोन वर्षं होतात. तिला खरोखर वाटलं की ही मस्करी आहे. लीलाधरभाऊ, तुम्ही साक्षीला."

"माझ्या साक्षीवर जळगावात कुत्रं विश्वास ठेवणार नाही."

"दिल्लीत तुम्हाला कोणी ओळखत नाही," ती म्हणाली.

त्याच दिवसांत पेपरात आलं, की परदेशातल्या एका फार मोठ्या खेळाडूच्या नमुन्यात औषध सापडलं. तिच्या वकिलांनी तिच्या झोपेच्या गोळ्या लॅबमध्ये तपासल्या, गोळीतच भेसळ निघाली. शिक्षा एक महिना, तोही सुट्टीच्या काळात गेला. मी पेपर सोनलसमोर आपटला. "बघ! तिच्या अंगात औषध सापडलं, तिला महिना. तुझ्या अंगातलं पाणीसुद्धा तपासलं नाही, तुला चार वर्षं! हा कुठला न्याय?"

सोनलने बातमी पूर्ण वाचली. "मामा, तिचं खरं असेल."

"अगं तिच्याकडे वकिलांची फौज आहे."

"म्हणून तिचं खोटं होत नाही ना. तिला सिद्ध करता आलं. माझ्याकडे सिद्ध करायला काय आहे? तू." आणि पेपरची घडी घालत म्हणाली, "मागच्या वर्षी सेमीफायनलला मी जिच्याशी हरले, ती नंतर पकडली गेली. सात महिन्यांनी मला मेल आली, की तुमचे पॉइंट वाढवले. ती फायनल कुणी खेळायला दिली का मला? तेव्हा मीच म्हणायचे, अजून कडक करा. घरी जा, झोपेतून उठवा. आता माझ्या घरी आले तर मी कसं म्हणू, नियम वाईट?"

मला राग आला तिचा. माणसाने एवढं बरोबर असू नये.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिची तयारी करून घेतली. आपल्याला एवढं येतं. कुठे थांबायचं, कुठे डोळे खाली घालायचे. मी विचारायचो, तिने उत्तर द्यायचं.

"तुम्हाला एक क्षण तरी शंका आली का, की हे लोक खरे आहेत?"

ती रॅकेटच्या जाळीवर बोट फिरवत राहिली.

"अगं बोल. म्हण, अजिबात नाही."

"पेटी खरी होती, मामा," ती म्हणाली. "स्पर्धेत तशीच असते. सीलवर नंबर असतो. मी ओळखली होती."

मी उठून दार लावून घेतलं. "मग?"

"थांबले होते ना मी दारात. वाटलं, ही खरी तर नाही? मग गाडीचा नंबर दिसला. म्हटलं, मामा आहे, पेटी पण मिळवली असेल कुठून. तू मिळवशील असं वाटलं मला."

"हे कुणालाच सांगायचं नाही," मी म्हटलं. "वकिलीणबाईला पण नाही. तुला काही दिसलं नाही. आकडा दिसला, हसू आलं, निघून गेलीस. बस. ही एक ओळ, सोनल. चार वर्षं आणि दोन वर्षं यात ही एकच ओळ आहे."

ती मान हलवून गेली. मला वाटलं, हो म्हणाली.

ज्योत्स्नाबाईच्या ऑफिसात लॅपटॉपवर सुनावणी झाली. पडद्यावर तीन जण. आधी माझा नंबर लागला. मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं. झुलाल, कोट, म्हैस, दगडीबाईची बाटली. मधला माणूस हसला, त्याने तोंडावर हात घेतला. आठ वाजताच्या फोनचंही सांगितलं. ते सांगायचं ठरलं नव्हतं. तोंडातून निघालं. उषाक्का मागे बसली होती, तिला ते पहिल्यांदाच कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार लागल्याचा.

मग सोनल. पडद्यावरच्या बाईने अगदी मायेने विचारलं, "बेटा, त्या क्षणी तुझ्या मनात शंका आली का?"

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"आली," सोनल म्हणाली. "पेटी मी ओळखली होती. एक क्षण आली. पण मी थांबून विचारलं नाही."

ज्योत्स्नाबाईने पेन खाली ठेवलं.

निकाल महिन्याने आला, तेवीस पानं. ज्योत्स्नाबाईने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की मामांची साक्ष खरी वाटते, त्यांच्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कागदावर लिहून दिलं, लीलाधर खरं बोलतो. पुढे लिहिलं होतं, की खेळाडूला शंका आली होती, तिला परिणामांची कल्पना दिली होती, तरी ती निघून गेली. घरच्यांना नियम समजावून ठेवणं हीसुद्धा खेळाडूचीच जबाबदारी. ती खरं बोलली, म्हणून एक वर्ष कमी. शिक्षा तीन वर्षं.

"अपील?" दाजींनी विचारलं.

"करता येईल," ज्योत्स्नाबाई म्हणाली. पण तिने फाइल मिटली.

तीन वर्षं म्हणजे फक्त स्पर्धा बंद असं मला वाटलं होतं. तसं नसतं. क्लब संघटनेला जोडलेला, म्हणून क्लबच्या कोर्टवर पाय ठेवायचा नाही. दाजी तिथेच कामाला. सकाळी कोर्टवर पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, चुन्याच्या रेषा आखायचे, आणि पोरगी डबा घेऊन गेटपर्यंत. वॉचमन डबा आत न्यायचा. एकदा दलिचंद शेठ म्हणाले, "ये गं आत, कोण बघतंय." सोनल म्हणाली, "नको काका." आणि सायकलवर बसून गेली.

उषाक्का आता माझ्याशी बोलते. म्हणजे चहा घेणार का, बस किती वाजता, असं. पूर्वीसारखी चिडत नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मस्करी मी सोडली वगैरे काही नाही, लोकच सोडून गेले. मी काही बोललो की समोरचा टपरीवाला आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग गप्प बसतो.

नरडाण्याला एमआयडीसीत झुलालच्या ओळखीचं एक बंद गोडाऊन आहे. बाहेरची भिंत उंच, सपाट, पुढे सिमेंटचा चौक. मी रविवारी जळगावहून यायचो, सोनल धुळ्याहून. भिंतीवर खेळायची. मग मी बादलीतून बॉल टाकायचो, ती मारायची. दीड वर्ष असं चाललं. शिक्षा चालू असली तरी यादीतून नाव जात नाही, परत खेळायचं असेल तर रोजचा तास भरावाच लागतो. सकाळी सहा ते सात ती अजून ओट्यावर बसते. एकदाच आली माणसं. तिने नमुना दिला, सही केली. दगडीबाई आतच बसून होती.

मागच्या रविवारी ती अर्धा तास खेळली आणि बादलीपाशी येऊन बसली. पाणी प्यायली.

"मामा, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"अजून दीड वर्ष. तेव्हा माझा नंबर शून्य. क्वालिफायिंगच्या पहिल्या राउंडपासून सुरुवात. समोर सतरा-अठराच्या पोरी. तू माझ्या रॅकेट लहानपणापासून ओढतोस. होईल?"

मी तिचा प्रत्येक फटका बघत होतो. दीड वर्षात कुणाशी मॅच नाही. भिंत आपला बॉल आपल्यालाच देते, फसवत नाही कधी. तिचा पाय निम्मा ठोका उशिरा पडायला लागला होता. तिला ते माहीत असणार. मला खोटं बोलायला किती वेळ लागतो? आयुष्यभर तेच केलं. एक वाक्य, आणि पोरगी अजून दीड वर्ष सकाळी ओट्यावर बसली असती.

"नाही होणार," मी म्हटलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. "बरं."

बाजूच्या कंपनीत शिफ्ट सुटली, माणसं सायकली ढकलत गेटबाहेर आली.

"बी.पी.एड.चा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख आहे, शाळेत खेळ शिकवायला ते लागतं," ती म्हणाली. "म्हणून विचारलं. आई म्हणाली होती मामाला विचारू नको, तो काहीतरी सांगेल."

"मग मला का विचारलंस?"

ती उठली, रॅकेट घेतली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"उजेड आहे अजून," ती म्हणाली. "बॅकहँडला टाक."

मी बादलीतून बॉल काढला आणि टाकला.